क्रौंचांचे वाटाडे

यिर्मया संदेष्ट्याने आपल्या लोकांची कानउघाडणी करताना स्थलांतरी पक्ष्यांचा दाखला दिला आहे. पाखरे आपला येण्याजाण्याचा काळ चुकवीत नाहीत, माणूस मात्र आपला मार्ग विसरतो, असा त्याचा आशय आहे. पाखरांना ती वाट कोण दाखवितो, हा प्रश्न संदेष्ट्याला पडला नाही, आणि पडण्याचे कारणही नव्हते. पाखराला पंख फुटले की वाटही आतूनच उमजते, अशीच आपल्या सर्वांची समजूत असते. पुष्कळ पक्ष्यांच्या बाबतीत ती खरीही आहे. कोकिळेचे पिल्लू परक्या घरट्यात वाढते, तरी त्याच्या गळ्यातून कोकिळेचाच सूर निघतो. परंतु विसाव्या शतकात उत्तर अमेरिकेत एका पक्ष्याच्या बाबतीत असे दिसून आले, की त्याला दिशेची ओढ जन्मतः असली, तरी वाट ठाऊक नसते. ती वडीलधाऱ्यांच्या मागून एकदा तरी उडून शिकावी लागते. वडीलधारेच उरले नाहीत तर काय करावे? या प्रश्नापायी काही माणसांनी पांढरे झगे घातले, तोंडाला कुलूप लावले आणि ते पाखरांच्या पुढे उडू लागले. त्यांच्या पंधरा वर्षांच्या खटाटोपाची हकिकत येथे सांगावयाची आहे.

या पक्ष्याचे इंग्रजी नाव हूपिंग क्रेन. मराठीत आपण करकोचा हे नाव सैलपणे अनेक लांबटांग्या पक्ष्यांना देतो, म्हणून येथे क्रौंच हा जुना शब्दच वापरतो. उंची सुमारे पाच फूट, पंखांचा विस्तार सात फुटांहून अधिक, अंग शुभ्र, पंखांची टोके काळी आणि माथ्यावर तांबडा डाग. श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेली असल्यामुळे त्याची साद तुतारीसारखी दूरवर जाते. उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच पक्षी तो हाच. दलदली बुजवून शेते झाली, बंदुका स्वस्त झाल्या, अंडी आणि कातडी जमविणाऱ्या शौकिनांची भर पडली, आणि १९४१ साली मोजदाद झाली तेव्हा टेक्सासच्या किनाऱ्यावर पंधरा-सोळा आणि लुइझियानात सहा, एवढेच पक्षी जगात शिल्लक होते. लुइझियानातला कळप स्थलांतर न करणारा होता. १९४०च्या वादळाने तो निम्म्यावर आणला होता, आणि १९५० साली त्यातला अखेरचा पक्षी पकडून हलविण्यात आला. राहिला तो टेक्सासच्या अरान्सास अभयारण्यातला कळप. ते अभयारण्य १९३७ साली राखीव झाले होते, म्हणूनच एवढे तरी उरले.

हा कळप हिवाळ्यात टेक्सासला येई आणि वसंतात उत्तरेस निघून जाई. कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हते. रॉबर्ट पोर्टर ॲलन या अभ्यासकाने कॅनडाच्या उत्तर भागात घरट्यांचा शोध घेण्यात वर्षे घालविली. अखेर १९५४ साली वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात वणवा लागला असताना तेथे गेलेल्या हेलिकॉप्टरमधील माणसांना पाणथळीत पांढरे पक्षी आणि त्यांचे पिल्लू दिसले. टेक्सासपासून ती जागा सुमारे चार हजार किलोमीटर दूर आहे. तेवढी वाट त्या पंधरा-वीस पाखरांच्या स्मरणात होती आणि दुसरीकडे कोठेही नव्हती.

एकच कळप, एकच वाट, हिवाळ्यास एकच किनारा. त्या किनाऱ्यालगतच्या कालव्यातून तेल आणि रसायने वाहून नेणारे पडाव ये-जा करतात. एखादे तुफान, एखादा फुटलेला पडाव, आणि सारे संपले असते. तेव्हा दुसरा कळप उभा करणे अगत्याचे ठरले. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि त्यांतले एकच पिल्लू जगते. म्हणून १९६७पासून घरट्यांतील दोनपैकी एक अंडे उचलून मेरीलँडमधील पटक्सेंट येथील संशोधन केंद्रात आणू लागले. पिल्ले वाढविणे साधले, परंतु एक नवीनच अडचण पुढे आली.

कोन्राड लोरेंट्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचे हंस ज्यांनी चित्रांत पाहिले असतील, त्यांना ती चटकन कळेल. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू जे हलते-बोलते रूप प्रथम पाहते, त्यालाच आई मानते. तो ठसा पुढे जोडीदार शोधतानाही पुसला जात नाही. टेक्स नावाची एक क्रौंच मादी माणसांच्या हातांवर वाढली होती, आणि क्रौंच नराकडे ती ढुंकूनही पाहत नसे. विस्कॉन्सिन राज्यात १९७३ साली क्रौंचांसाठी एक आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठान निघाले. त्याच्या संस्थापकांपैकी एक, जॉर्ज आर्चिबाल्ड, यांनी तिच्यापुढे क्रौंचाच्या रीतीने उड्या मारीत, हात पसरीत नाच केला, तोही काही दिवस नव्हे, वर्षानुवर्षे. १९८२ साली तिच्या अंड्यातून एक पिल्लू निघाले. अंडे फळले ते कृत्रिम गर्भाधानाने. नाच होता तो तिचे मन वळविण्यापुरता. हे वाचून प्रथम हसू येते. आम्हांसही आले होते.

दुसरा प्रयोग आपल्याकडील घरोघरच्या बायकांना शिकवावा लागला नसता. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची रीत कोणाला ठाऊक नाही? आयडाहो राज्यातील ग्रेज लेक येथे १९७५पासून या क्रौंचांची अंडी त्यांच्याच जातकुळीतल्या, पण संख्येने विपुल असलेल्या सँडहिल क्रौंचांच्या घरट्यांत ठेवण्यात आली. एकूण २८९ अंडी, त्यांतून ८५ पिल्ले उडती झाली. पालकांच्या मागून ती न्यू मेक्सिकोपर्यंत गेली आणि परतही आली. वाट शिकली, चारा शिकली. परंतु वयात आल्यावर त्यांना आपल्या जातीचे जोडीदार रुचेनात. सँडहिलमध्ये वाढलेली ती स्वतःला सँडहिलच समजत होती. एकही जोडी जमली नाही, आणि कालांतराने तो कळप एकेक करून संपला. कोंबडीची बदके निदान तळे दिसताच तिला काठावर कलकलत ठेवून पाण्यात शिरतात. या पाखरांना आपले पाणी ओळखताच आले नाही.

येथपर्यंतचा निष्कर्ष असा की पिल्लाला वाट दाखविणारा हवा, पण तो परजातीचा नको आणि माणूसही नको. या कोंडीतून वाट काढली ती एका मूर्तिकाराने. बिल लिशमन हे कॅनडातील ओंटारिओचे रहिवासी, धातूच्या मूर्ती घडविणारे आणि हौसेने उडणारे. अल्ट्रालाइट विमान म्हणजे कापडी पंखाखाली टांगलेली तीन चाकांची बैठक आणि मागे पंखा. १९८८ साली लिशमन यांनी अशा हलक्या यानातून हातावर वाढविलेल्या कॅनडा हंसांसह उड्डाण केले. १९९३ साली छायाचित्रकार जो डफ यांच्या सोबतीने ते १८ हंसांना ओंटारिओहून व्हर्जिनियापर्यंत घेऊन गेले. पुढच्या वसंतात त्यांतील बहुतेक हंस आपण होऊन परत आले. या घटनेवर १९९६ साली हॉलिवूडने ‘फ्लाय अवे होम’ हा चित्रपट काढला. त्यातली मुलगी कल्पित आहे. हंस मात्र खरोखरीचेच विमानामागून उडाले. परंतु लिशमन आणि डफ यांचे लक्ष हंसांवर नव्हतेच. त्यांनी १९९४ साली ‘ऑपरेशन मायग्रेशन’ ही संस्था काढली ती क्रौंचांसाठी.

या कामाची शिस्त मोठी कडक होती. पटक्सेंटला अंडे उबवणीत असतानाच त्याला विमानाच्या इंजिनाचा आवाज आणि आई क्रौंचाची मृदू घुरघुर ध्वनिफितीवरून ऐकवीत. पिल्लू बाहेर आले की त्याला दिसे तो डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत पांढऱ्या झग्यात झाकलेला एक आकार, आणि त्याच्या हातावर चढविलेले क्रौंचाच्या डोक्याचे बाहुले. बाहुल्याच्या चोचीने पिल्लाला पाणी कसे प्यावे, किडा कसा टिपावा ते शिकवावयाचे. पिल्लांच्या कानी पडेल असा एकही शब्द बोलावयाचा नाही. पांढऱ्या झग्याची आम्हांस सवय आहे. परंतु तो घालून महिनोन् महिने मौन पाळणे आमच्या व्यवसायातल्या माणसांना कितपत जमेल, याविषयी आमच्या धर्मग्रामवासीयांना शंका वाटेल, आणि ती रास्तच आहे. पिल्ले थोडी धावू लागली की गोल कुंपणाबाहेरून विमान जमिनीवरच फिरवीत, आणि वैमानिक बाहुल्याच्या चोचीतून अळ्या टाकीत जाई. दीड-दोन महिन्यांची झाली म्हणजे त्यांना विस्कॉन्सिनमधील नेसीडा अभयारण्यात नेत. तेथे पंख फुटेपर्यंत ती विमानामागे धावत, आणि एके दिवशी धावता धावता उचलली जात.

१७ ऑक्टोबर २००१ रोजी आठ तरुण क्रौंच घेऊन ही विमाने नेसीडाहून निघाली. जावयाचे होते फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील चासाहोवित्झ्का अभयारण्यात, सुमारे १,९५० किलोमीटर. रानातला क्रौंच उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर पंख न हलविता तरंगत जातो आणि दिवसाकाठी शेकडो किलोमीटर सहज काटतो. विमानामागून जाणाऱ्याला ते सुख नाही. हलक्या विमानाला स्थिर हवा लागते, म्हणून पहाटे निघावयाचे, आणि पाखरांनी पंख मारीतच यावयाचे. विमानाच्या पंखाच्या टोकापाशी हवेचा जो उचल देणारा भोवरा असतो, त्यावर पुढचे पाखरू थोडी विश्रांती घेते, एवढाच दिलासा. वारा समोरून असला की मुक्काम. अशा कित्येक सकाळी माणसे झगे घालून बसत आणि पुन्हा काढून ठेवीत. निघून थोडेच दिवस झाले तो एका रात्री वादळाने पिंजरा मोडला, पाखरे उधळली, आणि एक विजेच्या तारेवर आदळून मेले. आणखी एकाला विमानामागे येणे मानवेना, त्याचा बहुतेक प्रवास मोटारीतून झाला. ३ डिसेंबरला, ४८व्या दिवशी, सात क्रौंच फ्लोरिडात पोहोचले. हिवाळ्यात त्यांतले दोन रानमांजरांनी मारले. उरलेले पाच एप्रिल २००२मध्ये, ना विमान ना बाहुले, स्वतःच विस्कॉन्सिनला परतले.

ही परतीची गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जाताना त्यांनी वाट पाहिली होती ती पहाटेच्या तुकड्या-तुकड्यांनी, मधूनमधून मुक्काम करीत, आणि एकाला तर बंद गाडीतून. परत कसे यावयाचे हे कोणी शिकविले नव्हते. एकदा दाखविणे पुरे झाले होते.

पुढे दरवर्षी नवी तुकडी निघू लागली. वाटेवरचे शेतकरी पिंजऱ्यासाठी आपली शेते देत. गावोगावची माणसे थंडीत पहाटे रस्त्याच्या कडेला उभी राहून वर पाहत. २००६ साली नेसीडाला, विमानामागून गेलेल्या एका जोडीच्या घरट्यात दोन पिल्ले निघाली. एक जगले, आणि शरद ऋतूत आपल्या आईबापांच्या मागून फ्लोरिडास गेले. अमेरिकेच्या पूर्व भागात रानात जन्मून असे उडालेले शंभराहून अधिक वर्षांतले ते पहिलेच पिल्लू. ज्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, ते त्या दिवशी घडले: वाट माणसाच्या हातून सुटून पुन्हा पाखरांच्या हाती गेली.

त्याच हिवाळ्यात, २ फेब्रुवारी २००७च्या रात्री, मध्य फ्लोरिडात वादळे झाली. त्यांत २१ माणसे मृत्युमुखी पडली. चासाहोवित्झ्काच्या पिंजऱ्यात त्या वर्षीचे अठरा तरुण क्रौंच होते, सतरा मेले. अठरावे निसटले, पण तेही काही महिन्यांतच गेले. त्यानंतर तुकडी दोन ठिकाणी विभागण्यात येऊ लागली. एकाच जागी सारे ठेवू नये हाच या उद्योगाचा मूळ हेतू होता, आणि तो धडा दुसऱ्यांदा फार महाग पडला.

वादळाचे दुःख सोसवते. पुढच्या गोष्टीचे सोसवत नाही. त्या पहिल्या पिल्लाची आई २००२ साली विमानामागून फ्लोरिडास गेली होती. २००९च्या अखेरीस इंडियाना राज्यात तिला गोळी घालून मारले. खाण्यासाठी नव्हे, शेतीच्या रक्षणासाठीही नव्हे. २०११ साली न्यायालयाने गुन्हेगार तरुणाला प्रोबेशन आणि एक डॉलर दंड अशी शिक्षा दिली. कोर्टाचा खर्च वेगळा. न्यायालयाच्या मनात काय होते ते आम्ही जाणत नाही. परंतु अंडे उबविण्यापासून फ्लोरिडापर्यंत एकेका पाखरामागे लागलेले श्रम ज्यांनी पाहिले होते, त्यांना तो एक डॉलर कसा वाटला असेल, याची कल्पना करवते.

२०११च्या डिसेंबरात अडथळा आला तो सरकारी नियमाचा. या जातीच्या विमानांचे वैमानिक मोबदला घेऊन उडू शकत नाहीत, असा विमान वाहतूक खात्याचा नियम, आणि संस्थेचे वैमानिक पगारी होते. काफिला अलाबामात थांबला. जानेवारीत खात्याने अपवाद म्हणून परवानगी दिली, परंतु तोवर पाखरांचा निघण्याचा उत्साह मावळला होता. ती विमानामागे येईनात. शेवटी त्यांना गाड्यांत घालून जवळच्या व्हीलर अभयारण्यात सोडावे लागले. कागदाला मुदतवाढ मिळते, ऋतूला मिळत नाही.

तथापि खरे संकट याहून निराळे होते. पाखरे जगत होती, वाट जाणत होती, जोड्या जमत होत्या, अंडीही घालीत होती. परंतु घरटी सोडून जात होती. नेसीडाच्या पाण्यात पक्ष्यांचे रक्त पिणारी एक काळी माशी विपुल होते, आणि अंड्यांवर बसलेल्या पाखराला ती उठवून लावते, असे आढळले. म्हणून २०११पासून नवी पिल्ले विस्कॉन्सिनच्या पूर्व भागात सोडू लागले. पण सारा दोष माशीवर ढकलता येईना. पिल्ले निघाली तरी ती फार थोडी जगत. पंधरा वर्षांत सुमारे अडीचशे क्रौंच सोडण्यात आले. २०१६च्या सुमारास त्यांतले ९३ हयात होते, आणि रानात जन्मून उडती झालेली पिल्ले होती जेमतेम दहा. झगा आणि बाहुले यांच्या सोबतीत वाढलेल्या पाखराला आईबाप होणे कसे असते हे पाहावयास मिळालेलेच नसते. पिल्लाला कसे सांभाळावे, धोका दिसताच कोठे न्यावे, हे बाहुल्याने शिकविलेले नसते. असा विचार होऊन अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने विमानाची वाटाडेगिरी थांबविण्याचे ठरविले. शेवटचा काफिला फेब्रुवारी २०१६मध्ये फ्लोरिडाच्या सेंट मार्क्स अभयारण्यात उतरला. लिशमन २०१७च्या अखेरीस निवर्तले, आणि २०१८ साली संस्थाही विसर्जित झाली. त्यानंतर पिंजऱ्यातल्या क्रौंच आईबापांनीच वाढविलेली पिल्ले शरद ऋतूत रानातल्या प्रौढ क्रौंचांच्या आसपास सोडू लागले.

निर्णय झाला तेव्हा वाद पुष्कळ झाला. ज्यांनी वर्षानुवर्षे पहाटे झगे चढविले, त्यांना तो कृतघ्नपणा वाटला. आम्हांस विचाराल तर निर्णय बरोबर होता, आणि आधीची पंधरा वर्षेही बरोबर होती. पिल्लांना प्रौढांच्या मागे सोडावयाचे, तर पूर्वेच्या आकाशात वाट जाणणारे प्रौढ अगोदर असावयास हवे होते. २००१ साली तेथे एकही नव्हता. ते आणले विमानाने. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याच कळपाच्या उड्डाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक वर्षाचे पाखरू वडीलधाऱ्यांविना उडाले तर सरळ मार्गापासून सरासरी ९७ किलोमीटर बाजूला जाते. वडीलधारे सोबत असले तर ६४ किलोमीटरांहूनही कमी. थव्यात पाखरे किती आहेत याने फरक पडत नाही, कोणाच्या रक्ताची आहेत यानेही नाही. थव्यातला सर्वांत वयस्क पक्षी किती वर्षांचा आहे, एवढ्यानेच पडतो. वाटाडेगिरी थांबल्यावर पूर्वेचा कळप वाढलेला नाही, शंभराच्या आतच राहिला आहे. परंतु त्याची ये-जा चालू आहे. टेक्सासचा जुना कळप, ज्याची वाट कधी तुटली नाही, तो त्या पंधरा-सोळांवरून आता पाचशेच्या वर गेला आहे.

वाट तुटली म्हणजे काय होते, हे पाहण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नव्हती. सैबेरियाचे पांढरे क्रौंच राजस्थानातील भरतपूरला हिवाळा काढण्यास येत. १९६०च्या दशकाच्या मध्यास तेथे दोनशे मोजले गेले होते. अफगाणिस्तान आणि आसपासच्या प्रदेशात वाटेवर शिकार होत गेली आणि संख्या घसरत गेली. १९९०च्या दशकात पाळून वाढविलेली काही पिल्ले भरतपूरला सोडून पाहिली, या आशेने की उरल्यासुरल्या रानक्रौंचांच्या मागून ती उत्तरेस जातील. वसंत आला, रानक्रौंच उठले आणि निघून गेले. पिल्ले तळ्यावरच राहिली. या जातीचे हजारो पक्षी आजही चीनमध्ये पोयांग सरोवरावर उतरतात, परंतु त्यांची वाट पूर्वेकडची आहे. भरतपूरची वाट त्यांना ठाऊक नाही.

२००० सालच्या हिवाळ्यात, आमची गुरुदीक्षा नुकतीच झाली असताना, आग्र्याला एका शिबिराच्या निमित्ताने जाणे झाले. एक दिवस मोकळा होता, म्हणून भरतपूर गाठले. सायकल रिक्षावाल्याने बंधाऱ्यावर रिक्षा थांबवून दूर बोट दाखविले. पाण्यापलीकडे दोन पांढरे ठिपके होते. आमच्याजवळ दुर्बीण नव्हती. त्याने आपली दिली. एक पाखरू चिखलात मान खुपसून कंद उकरीत होते, दुसरे मान उंच करून उभे होते. त्या वर्षी एवढीच जोडी आल्याचे तो म्हणाला. पुढच्या हिवाळ्यातही, म्हणजे २००१-०२ साली, एक जोडी आली. विस्कॉन्सिनहून निघालेले सात क्रौंच फ्लोरिडात उतरले तो हाच हिवाळा. वसंतात भरतपूरची जोडी उत्तरेस गेली, आणि त्यानंतर तेथे एकही आलेला नाही.